भाव नाही, म्हणजे नेमकं काय नाही?

डिसेंबरातली सकाळ धरा. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना बोरी अरब लागतं. तिथं चहाच्या टपरीपाशी कापसानं भरलेली एक गाडी उभी आहे. गाडीवाला चहाचा ग्लास हातात घेतो, फुंकर मारतो आणि शेजारच्याला म्हणतो, "यंदा भाव नाही." शेजारचा मान हलवतो. झालं. तीन शब्द, एक अर्थ, कुणाला काही विचारावं लागलं नाही.

आता हेच तीन शब्द उचला आणि कोऱ्या कागदाच्या मधोमध लिहा. वर शीर्षक द्या, 'आषाढी'. बघा काय झालं! कापसाचा दर कुठल्या कुठे गेला, भाव म्हणजे भक्ती झाली. शीर्षक बदला, 'लग्नाला पंचवीस वर्षं' करा. आता भाव म्हणजे ओढ, माया. आणि शीर्षक पुसूनच टाकलं तर? तर दर, भक्ती आणि ओढ असे तिन्ही अर्थ एकाच शब्दात दाटीवाटीनं बसतात आणि एकमेकांशी बोलू लागतात. दर मिळाला नाही म्हणून देवावरचं मन उडालं? की घरातली ओढच आटली? एका शेतकऱ्याचं अख्खं वर्ष त्या तीन शब्दांत मावलं, आणि आपण तर एक अक्षरही वाढवलं नाही.

आता हेच संगणकाला सांगून पाहा. तो भावापाशी अडखळत नाही. त्याच्या लेखी 'भाव' म्हणजे एक खण, त्यात काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा. तो अडखळतो 'नाही'पाशी. नाही म्हणजे काय? भाव शून्य रुपये आहे? की भाव अजून ठरलेलाच नाही, खण रिकामा आहे? की 'भाव' नावाचा खणच कुणी केलेला नाही? आपण आयुष्यभर 'नाही' म्हणत आलो, त्यात तीन वेगवेगळे 'नाही' दडलेत हे कधी लक्षात आलं होतं? प्रोग्राम लिहिणाऱ्यांना ते रोज लक्षात ठेवावं लागतं. शून्य आणि रिकामं यांची गल्लत झाली, तर बाजार समितीच्या हिशेबात ज्याचा दर अजून लागायचाय त्याचा माल फुकट गेल्याची नोंद होईल.

म्हणजे एकाच वाक्यात कवीला एक जागा दुहेरी दिसते आणि यंत्राला दुसरीच. हे मला फार विलक्षण वाटतं. कविता आणि प्रोग्राम ही दोन टोकं आहेत असं आपण धरून चालतो, पण दोघांची अडचण एकच आहे. अक्षरांची रांग एक, तिचे अर्थ अनेक. फरक आहे तो त्या अडचणीचं पुढे काय करायचं यात.

बोरी अरब हे नावच पाहा ना. बोरी गोव्यात फोंड्याजवळ आहे, परभणी जिल्ह्यात आहे, जुन्नर तालुक्यात तर बोरी बुद्रुक आहे. नुसतं 'बोरी' लिहून पत्र टाकलं तर पोस्टमननं जायचं कुठे? म्हणून नावाला शेपूट लागतं. कुठे बुद्रुक, कुठे खुर्द, कुठे अरब. मोठ्या प्रोग्राममध्ये दोन जणांनी दोन वस्तूंना एकच नाव दिलं तर अगदी हेच करतात. नावापुढे घराचं नाव लावतात. प्रोग्रामरांनी ही युक्ती शोधण्याच्या कितीतरी आधी महसूल खात्याच्या दप्तरात ती रुळलेली होती.

पण नावांचा गोंधळ सोपा. खरी मजा वाक्यांच्या गोंधळात आहे. "पळताना मी कुत्र्याला पाहिलं." पळत कोण होतं? मी की कुत्रा? यात एकही शब्द दुहेरी नाही. 'पळताना' म्हणजे पळतानाच, 'कुत्रा' म्हणजे कुत्राच. तरी वाक्य दुहेरी. कारण शब्द एका ओळीत उभे दिसत असले, तरी वाचताना आपण त्यांचं झाड करतो. कुठला शब्द कुठल्या फांदीला लागतो, हे डोक्यात आपोआप ठरत जातं. 'पळताना' ही डहाळी 'मी'ला लावली की एक झाड, 'कुत्र्या'ला लावली की दुसरं. ओळ एक, झाडं दोन.

आणि झाडं वाढतात तरी किती वेगानं! १० − ५ − २ घ्या. डावीकडून सोडवलं तर ३, उजवीकडून कंस घातला तर ७. दोन झाडं. वजाबाकीची तीन चिन्हं असली की कंस घालण्याच्या पाच रीती होतात, चार असली की चौदा, पाच असली की बेचाळीस. आणि दहा चिन्हं असतील तर? तब्बल १६,७९६! शाळेत शिकवलेला 'डावीकडून सोडवत जा' हा साधा नियम यातली १६,७९५ झाडं एका झटक्यात तोडतो. आपण त्याला कधी धन्यवादही दिले नाहीत.

मात्र नियम ठरवणारे वेगळे निघाले की उत्तरंही वेगळी निघतात. २ चा घात ३, आणि त्यावर पुन्हा घात २, असं कंस न घालता लिहा. एक्सेल डावीकडून जातं, आधी ८ करतं, मग त्याचा वर्ग करून ६४ सांगतं. पायथन ही भाषा उजवीकडून जाते, आधी ३ चा वर्ग ९, मग २ चा नववा घात, उत्तर ५१२. चूक कोणाचीच नाही. दोघांनी एकच ओळ वाचली आणि दोन वेगळी झाडं लावली.

आता गड्याला सांगितलेलं एक काम बघा. अंगणात कापसाची गाठोडी पडली आहेत आणि मालक म्हणतो: "जर ढग आले तर जर गाठोडी बाहेर असतील तर आत घे नाहीतर चहा कर."

सांगा, ऊन लख्ख पडलंय, आभाळात ढगाचा ठिपका नाही. चहा करायचा की नाही?

'नाहीतर' जर 'ढग आले तर'ला जोडलेलं असेल, तर ढग नाहीत म्हणून चहा करायचा. पण ते 'गाठोडी बाहेर असतील तर'ला जोडलेलं असेल, तर ढग असूनही गाठोडी आधीच आत असली तरच चहा. उन्हाच्या दिवशी मग काहीच करायचं नाही. मालकाचं तोंड पाहून गडी बरोबर ओळखेल. यंत्राला तोंड पाहता येत नाही.

हे उदाहरण मी गमतीनं रचलंय, पण यानं जगातल्या नामांकित डोक्यांना घाम फोडला होता. जानेवारी १९६० मध्ये पॅरिसमध्ये तेरा तज्ज्ञ जमले आणि त्यांनी अल्गोल ६० ही भाषा ठरवली. तिचं व्याकरण अतिशय काटेकोर सूत्रांत लिहिलं गेलं. तरी 'नाहीतर' लोंबकळतच राहिलं. १९६६ मध्येही त्याच्या कायमच्या बंदोबस्ताबद्दल शोधलेख छापला जात होता! पुढच्या बहुतेक भाषांनी एक साधा नियम केला. 'नाहीतर' सगळ्यात जवळच्या 'जर'चं. पायथननं तर आणखी सुंदर वाट काढली. तिथं अर्थ ठरतो तो समासावरून:

जर ढग आले तर
    जर गाठोडी बाहेर असतील तर
        आत घे
नाहीतर
    चहा कर

शेवटच्या दोन ओळी चार बोटं उजवीकडे सरकवा, आणि उन्हाच्या दिवसाचा चहा गेला! एकही शब्द बदलला नाही. डावीकडच्या कोऱ्या जागेनं अर्थ बदलला. मुक्तछंदात लिहिणाऱ्या कोणत्याही कवीला विचारा, कोरी जागा काय करू शकते ते त्याला ठाऊक असतं. मी इथं दोन ओळी लिहितो:

मी परत येईन
असं म्हणालो नाही

पहिल्या ओळीच्या टोकाशी तुम्ही क्षणभर थांबलात, आणि त्या क्षणात एक वचन दिलं गेलं. दुसऱ्या ओळीनं ते काढून घेतलं. पण जे एकदा ऐकलं ते पुसलं जातं का? नाही, वचन आणि नकार दोन्ही मनात राहतात. आता जावास्क्रिप्टची गोष्ट ऐका. १९९५ मध्ये जन्मलेल्या या भाषेत 'उत्तर परत दे' या अर्थाचा एक शब्द आहे. त्या शब्दानंतर तुम्ही ओळ मोडलीत आणि उत्तर खालच्या ओळीवर लिहिलंत, तर यंत्र ओळीच्या टोकाशी आपण होऊन पूर्णविराम देतं. खालच्या ओळीपर्यंत ते पोचतच नाही. रिकाम्या हातानं परत जातं. माझ्या दोन ओळी त्यानं वाचल्या असत्या, तर ते पहिलीवरच विश्वास ठेवून निघून गेलं असतं.

कोरी जागा नसलीच तर काय होतं? याचं उत्तर आपल्या जुन्या दप्तरांत आहे. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडायची रीत नव्हती. वरची रेघ एकदा ओढली की अक्षरं तिला लटकत सलग जायची. आता कल्पना करा, अशा एका चिठ्ठीत कागद मागवलेत आणि लिहिलंय: तीनकोरे. वाचणारा कसं तोडेल? 'तीन कोरे' की 'ती नको रे'? एका फोडीत कागदांचा हिशेब, दुसरीत मोडलेलं लग्न!

आणि आता अमेरिकेत चला. १९५७ मध्ये आलेली फोरट्रान ही भाषाही अशीच. तिच्यात मोकळ्या जागेला काहीच अर्थ नव्हता, सगळं सलग वाचलं जायचं. 'डू १० आय = १,१०' असं लिहिलं की यंत्र एक काम दहा वेळा करायचं. पण त्या स्वल्पविरामाच्या जागी चुकून टिंब पडलं तर? तर यंत्र पहिली अक्षरं एकत्र ओढून 'डू१०आय' नावाचा नवाच खण तयार करायचं आणि त्यात १.१० हा आकडा ठेवून पुढे जायचं. तक्रार नाही, कुरकुर नाही. दहा वेळा व्हायचं काम एकदाच. मोडी वाचणारा निदान थांबून डोकं खाजवतो. इथं कुणी थांबतच नाही, यातलं भय हेच आहे.

मग साहजिकच वाटतं की एकदाच एक पहारेकरी प्रोग्राम लिहावा. त्याला कुठल्याही नव्या भाषेचं व्याकरण द्यावं आणि त्यानं सांगावं, यात कुठे दोन झाडं उगवू शकतात का. सोपं वाटतं ना? १९६२ मध्ये डेव्हिड कँटर आणि रॉबर्ट फ्लॉइड यांनी आपापल्या लेखांत सिद्ध केलं की असा प्रोग्राम होऊच शकत नाही. आजची यंत्रं कमी पडतात म्हणून असं नाही. उद्याचीही पडतील, कायमची पडतील. प्रत्येक व्याकरणाचा खात्रीनं निवाडा करणारी रीतच अस्तित्वात नाही. म्हणून भाषा घडवणारे शहाणपणानं व्याकरणंच अशी लहान आणि शिस्तीची निवडतात, की ज्यांची तपासणी करता येते. ती शिस्त बोलभाषेला लावली, तर वऱ्हाडातलं निम्मं बोलणं बंद पडेल.

वऱ्हाडीत तर संदिग्धता चुलीवरच्या भाकरीइतकी ताजी असते. तिथं 'ळ'चा 'य' होतो. डोळा डोया, शाळा शाया, पोळा पोया. आणि काळा? काया. पण काया म्हणजे देहसुद्धा! दोन वेगळे शब्द एका उच्चारात येऊन मिसळले. 'माझ्या'चं होतं 'माया', आणि जीव लावणं तीही माया. "माया बापाची माया" असं कुणी म्हटलं तर ऐकणारा वऱ्हाडी क्षणभरही चाचरत नाही. पहिली माया माझी, दुसरी बापाची. बोरी अरबचेच शंकर बडे ही बोली घेऊन गावोगावच्या व्यासपीठांवर उभे राहिले, कविता सादर करत राहिले, आणि त्यांच्या 'बॅरिस्टर गुलब्या' या एकपात्री प्रयोगानं ती घराघरांत पोचवली. ऐकवलेल्या कवितेत आवाज, थांबा, भुवई हे सगळं अर्थाला आधार देतं. तीच कविता छापली की हे आधार गळून पडतात आणि वाचणाऱ्याला सगळं शब्दांतूनच उभं करावं लागतं.

पण आपण चाचरत नाही, म्हणजे नेमकं काय होतं? डोक्यात फक्त बरोबरचा अर्थ येतो आणि चुकीचा येतच नाही? १९७९ मध्ये डेव्हिड स्विनी या मानसशास्त्रज्ञानं हे फार हुशारीनं तपासलं. लोकांच्या कानावर वाक्यं घातली. त्यातल्या एकात 'बग' हा शब्द होता. इंग्रजीत बग म्हणजे किडा, आणि चोरून ऐकण्याचं यंत्रही. वाक्यात झुरळं आणि कोळी होते, म्हणजे अर्थ किडाच, शंकेला जागाच नाही. पण शब्द कानावर पडताक्षणी समोरच्या पडद्यावर 'मुंगी' हा शब्द दाखवला तरी लोक तो चटकन ओळखत, आणि 'हेर' दाखवला तरी तितक्याच चटकन. म्हणजे दोन्ही दारं उघडली होती! जेमतेम तीन अक्षरं पुढे सरकली की एक दार मिटलेलं असे. किडा उरे, हेर निघून गेलेला असे.

जरा थांबून याचा विचार करा. टपरीपाशी "यंदा भाव नाही" ऐकलं तेव्हा शेजारच्याच्या डोक्यात भक्ती आणि ओढ दोघी डोकावून गेल्या असतील. एवढ्या झटपट की त्याला पत्ताही लागला नसेल. आणि कवी काय करतो? मला तर वाटतं, तो त्या मिटणाऱ्या दारात पाय घालून उभा राहतो. शीर्षक काढून घेतो, संदर्भ काढून घेतो, आणि ते दार मिटू देत नाही.

इंग्रजीत या दाराचा नीट अभ्यास ज्यानं केला, त्या विल्यम एम्प्सननं केंब्रिजमध्ये आधी चक्क गणित शिकलं होतं. १९३० मध्ये संदिग्धतेच्या सात प्रकारांवरचं त्याचं पुस्तक आलं तेव्हा तो अवघा २४ वर्षांचा होता. आपल्याकडे या गोष्टीकडे पाहणं त्याहून किती जुनं! पाचव्या शतकाच्या सुमारास भर्तृहरीनं यादीच केली, की एका शब्दाचे अनेक अर्थ असतील तर नेमका कुठला घ्यायचा हे कशावरून ठरतं. सोबत कोण आहे त्यावरून, विरोध कुणाशी आहे त्यावरून, प्रसंगावरून, जागेवरून, वेळेवरून. जुन्या पंडितांचं आवडतं उदाहरण सैंधवाचं. आपण सैंधव म्हणजे उपासाचं मीठ म्हणून ओळखतो, पण संस्कृतात सैंधव म्हणजे सिंधु देशाचा घोडाही. जेवायला बसलेला माणूस "सैंधव आण" म्हणाला तर मीठ आणायचं, प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा. पानात घोडा आणून उभा केला तर?

यंत्रही शेवटी हेच करतं, हे कळलं तेव्हा मला खरंच टाळी वाजवावीशी वाटली. सी या भाषेत दोन नावांमध्ये चांदणी (*) असली, तर ती गुणाकाराचीही असू शकते, किंवा 'हे दुसरं नाव पत्ता ठेवण्यासाठी आहे' अशी घोषणाही असू शकते. व्याकरण कितीही ताणून बघा, त्या ओळीवरून ठरत नाही. मग यंत्र काय करतं? आपली वही उघडतं. पहिलं नाव मागं कुठे, काय म्हणून नोंदवलं होतं ते पाहतं, आणि मग पुढे वाचतं. भर्तृहरीच्या यादीतला 'प्रसंग' तो हाच, फक्त वहीत लिहून ठेवलेला.

आणि नियम करणाऱ्यांचा बाप पाणिनी! सुमारे चार हजार सूत्रांत त्यानं संस्कृत बांधून दाखवली. ती बांधणी इतकी यंत्रासारखी, की अल्गोलची सूत्रपद्धत पाहिल्यावर १९६७ मध्ये पीटर इंगरमननं सुचवलं, या पद्धतीच्या नावात पाणिनीचं नाव घाला. आता चार हजार सूत्रं असली की दोन सूत्रं एकाच शब्दावर हक्क सांगणारच. त्यासाठीही पाणिनीनं सूत्र ठेवलं होतं. अशा भांडणात जे 'पर' असेल ते लागू करायचं. परंपरेनं त्याचा अर्थ घेतला, ग्रंथात जे सूत्र नंतर येतं ते. २०२२ मध्ये ऋषी राजपोपट या तरुण अभ्यासकाच्या केंब्रिजमधल्या प्रबंधाची जगभर बातमी झाली. त्याचं म्हणणं, 'पर' म्हणजे ग्रंथात नंतरचं नव्हे, तर शब्दात उजवीकडच्या भागाला लागणारं. सगळ्या विद्वानांना ते पटलेलं नाही, वाद चालू आहे. पण बघा तरी काय झालं! संदिग्धता मिटवण्यासाठी केलेल्या सूत्रातला एक दोन अक्षरांचा शब्दच संदिग्ध निघाला, आणि त्यावर अडीच हजार वर्षांनंतरही बोलणं संपलेलं नाही.

या सगळ्याचं शिखर मात्र आपल्या विदर्भात आहे.

आधी एक गोष्ट. संस्कृत काव्यशास्त्रात लिहिण्याच्या रीतींना प्रदेशांची नावं आहेत, आणि त्यातली सगळ्यांत मानाची रीत म्हणजे वैदर्भी. दंडीनं तिच्यात दहाही गुण पाहिले. त्यातले दोन आहेत प्रसाद आणि अर्थव्यक्ती. प्रसाद म्हणजे वाचताक्षणी उजळणं, अर्थव्यक्ती म्हणजे वाचणाऱ्याला पदरचं काही घालावं न लागणं. स्वच्छ लिहिण्याला चक्क आमच्या प्रदेशाचं नाव मिळालं! त्याच विदर्भातल्या नागपुरात पुढे ग्रेस झाले, ज्यांच्या कवितेवर दुर्बोधतेचा शिक्का बसला आणि ज्यांच्या 'वाऱ्याने हलते रान'ला २०११ चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. हा विरोधाभास मला खटकत नाही, उलट आवडतो. स्वच्छ पाण्यातच खोली दिसते.

तर, विदर्भाची राजकन्या दमयंती. तिचं कुंडिनपूर म्हणजे वर्धेच्या काठचं अमरावती जिल्ह्यातलं कौंडिण्यपूर, असं आपल्याकडे मानतात. तिला निषध देशाचा नळ हवाय. पण स्वयंवराला इंद्र, अग्नी, यम आणि वरुण असे चार देव नळाचंच रूप घेऊन येतात. समोर पाच नळ! ही कथा महाभारतातली, आणि रघुनाथ पंडितांनी ती मराठीत आणली. पण बाराव्या शतकातल्या श्रीहर्षानं 'नैषधीयचरिता'च्या तेराव्या सर्गात तिचं जे केलं, तसं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

श्रीहर्ष ओळख करून देण्याचं काम सरस्वतीला देतो. आता तिची पंचाईत पाहा. देवांचं सोंग उघडं करायचं नाही, आणि ती साक्षात वाणी, तेव्हा खोटंही बोलायचं नाही. मग ती काय करते? इंद्राकडे बोट दाखवून ती असे श्लोक म्हणते की त्यातला प्रत्येक शब्द इंद्रालाही लागतो आणि नळालाही. अग्नीपाशी अग्नीला आणि नळाला. तसंच यम, तसंच वरुण. खऱ्या नळापाशी आल्यावर तर एका श्लोकात पाचही जण बसतात. एक श्लोक, पाच झाडं, आणि प्रत्येक झाड व्याकरणानं शुद्ध!

त्या श्लोकातली एकच जागा जवळून दाखवतो. तिथं अक्षरं येतात 'नैषध…'. सलग घेतली तर होतं नैषधराज, म्हणजे निषधाचा राजा, नळ. पण संस्कृतात 'न' आणि 'एष' एकत्र आले की त्यांचंही 'नैष'च होतं. न एष. हा नव्हे! 'नैष' इथं तोडा आणि उरलेला 'ध' पुढच्या शब्दाला द्या, की तीच अक्षरं सांगतात, हा पृथ्वीचा राजा नव्हेच. म्हणजे एका श्वासात सरस्वती म्हणते 'हाच तो', आणि त्याच श्वासात म्हणते 'हा तो नाही'. आठवली ती चिठ्ठी? तीन कोरे, ती नको रे. फोरट्रानचं ते टिंब? सगळीकडे तीच एक युक्ती. कुठे तोडायचं ते सांगायचं नाही.

आता दमयंतीच्या जागी उभे राहा. हातात माळ आहे. समोर पाच जण, आणि कानावर पाच अर्थांचं अचूक वाक्य. रसिकाला पाचही अर्थ हवेत, तो ते सोडवत बसेल, माना डोलवेल. तिला एकच हवाय, आणि आत्ता हवाय. यंत्रासारखीच तिला एकाच झाडाची फांदी धरायची आहे, चुकली तर जन्माचं नुकसान. व्याकरण पुन्हा पुन्हा लावून तिला काही मिळणार आहे का? काहीच नाही. वाक्यात उत्तर नाहीच.

तिला उत्तर मिळालं ते वाक्याबाहेर. महाभारतात ती देवांनाच विनवते आणि देव आपली खरी लक्षणं दिसू देतात. ती पाहते, चौघांच्या अंगावर घामाचा थेंब नाही. डोळ्यांची पापणी लवत नाही. गळ्यातली फुलं आत्ता खुडल्यासारखी. पाय जमिनीला टेकलेले नाहीत. आणि पाचव्याच्या अंगावर वाटेची धूळ आहे, हारातली फुलं कोमेजलीत, घाम फुटलाय, पायाखाली त्याची सावली पडलीय. त्याची पापणी लवते.

तिनं माळ त्याच्या गळ्यात घातली. चार देव आपल्या रूपात आले, आशीर्वाद देऊन गेले. सरस्वतीचा श्लोक मात्र पुस्तकात होता तसाच आहे. संस्कृत शिकणारं कुणी आजही तेरावा सर्ग उघडतं, 'नैष'पाशी बोट ठेवून थबकतं, एकदा इकडून तोडून बघतं, एकदा तिकडून, आणि पाचही जण पुन्हा रांगेत येऊन उभे राहतात.